मातृभाषेचा रकाना

शिरगणतीच्या कागदावर अनेक रकाने असतात. नाव, वय, शिक्षण, धंदा. त्यांपैकी बहुतेक रकाने भरताना गणकाला फारसा विचार करावा लागत नाही. मातृभाषेचा रकाना मात्र सर्वत्र सारखा सोपा नाही. वाईच्या घाटावर किंवा गदगच्या पेठेत त्याला क्षणही पुरतो. पण निपाणीहून चिकोडीकडे अथवा बेळगावहून खानापूरकडे जाताना अशी घरे लागतात की, जेथे आजी देवघरात कानडी बोलते, सून माहेरची मराठी घेऊन आलेली असते आणि घरधनी तंबाखूच्या वखारीत दोन्ही भाषांत भाव ठरवितो. अशा घराच्या उंबरठ्यावर गणकाची पेन्सिल थबकते. रकाना एकच, आणि त्यात लिहावयाचा शब्दही एकच. अशा लक्षावधी शब्दांची बेरीज होऊन टक्केवारी तयार होते, टक्केवारीवरून गाव कोणत्या बाजूचे हे सांगितले जाते, आणि त्यावरून मुलाची शाळा, शेताचा उतारा व कचेरीतील अर्जाची भाषा ठरते. एका माणसाची, एका गावाची अमुक वर्गात गणना करणे ही क्रिया दिसते तितकी निरुपद्रवी नाही. बेळगाव–निपाणी भागाचा गेल्या शतकाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या वर्गीकरणाचाच इतिहास आहे.

भाषांची ही सरमिसळ आजकालची नव्हे. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती १२०४ साली रट्टांच्या राजवटीत उभी राहिली, त्या वेळी या गावास वेणुग्राम म्हणत. रट्टांच्या मागून यादव आले, पुढे बहामनी, आदिलशाही आणि मराठे यांचा अंमल झाला, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हा मुलूख इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. राजे बदलले तसे दप्तर बदलले, परंतु माणसे आपापल्या जागी राहिली व एकमेकांची भाषा शिकत गेली. पंढरीच्या विठ्ठलाला मराठी संतांनी कानडा म्हटले, तेव्हा त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. विसंगती वाटावयास प्रथम रकाने आखावे लागतात.

हे रकाने आखले ते इंग्रजी राजवटीने. १८८१ साली सर्व हिंदुस्थानात एकाच वेळी पहिली शिरगणती झाली आणि तिच्यात मातृभाषा विचारण्यात आली. परंतु हा प्रश्न पुढे एकसारखा राहिला नाही. १८९१ मध्ये ‘आईबापांची भाषा’ विचारली गेली. १९०१ मध्ये घरात सामान्यतः जी भाषा वापरली जाते ती नोंदवावी असे ठरले. १९५१ मध्ये पाळण्यापासून बोलली जाणारी भाषा ही मातृभाषा मानली गेली, तर १९६१ मध्ये आईने लहानपणी मुलाशी ज्या भाषेत बोलणे केले ती भाषा असा अर्थ सांगण्यात आला. वर सांगितलेल्या निपाणीकडच्या घराला हे सारे प्रश्न लावून पाहावेत. आईची भाषा म्हटली तर उत्तर मराठी येते, घरातील वापर म्हटला तर कदाचित कानडी येते, आणि आईबापांची भाषा म्हटली तर एका रकान्यात मावणारे उत्तरच निघत नाही. माणसे तीच, घर तेच. प्रश्न बदलला की वर्ग बदलतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. उत्तरे गोळा झाली तरी कोणते नाव कोणत्या भाषेत धरावयाचे, हे दुसऱ्याच कोणाला तरी ठरवावे लागते. १९६१ च्या गणनेत मातृभाषा म्हणून १,६५२ नावांची यादी झाली. २०११ च्या गणनेत लोकांनी सांगितलेली नावे १९,५६९ भरली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा उरल्या, आणि त्यांचे गट पाडून शेवटी १२१ भाषा निश्चित झाल्या. या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी निवड केलेली आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोकणी ही मराठीची बोली म्हणून घातली आहे. पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली व १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समाविष्ट झाली. बेळगावच्या दक्षिणेस कारवार, सुपे, हल्याळ या भागांत कोकणी बोलणारा मनुष्य मराठीच्या बाजूस मोजावयाचा की वेगळा मोजावयाचा, या एका प्रश्नावर तेथील सारा ताळेबंद फिरतो. त्या माणसाच्या जिभेवरचा एक शब्दही बदललेला नसतो.

वर्गीकरणाचे हे कोडे केवळ भाषेपुरते नाही. वनस्पती, प्राणी, माणसे, रोग, नाणी, सर्वांच्या बाबतीत ते येते, आणि विसाव्या शतकात त्याचे एक रीतसर शास्त्र झाले. त्याच्या उभारणीत हिंदी संशोधकांचा वाटा मोठा आहे आणि त्याची एक सुरुवात मराठी मुलखातच झाली. १९२० साली नागपुरास भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी कलकत्त्याचे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांना, कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची जी शारीरिक मापे आपण घेतली होती त्यांचे गणिती परीक्षण करण्यास सुचविले. दोन मानवसमूह एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजावयाचे कसे, हा प्रश्न तेव्हापासून महालनोबीसांच्या मनात घर करून राहिला. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३६ मध्ये अंतराचे आपले सूत्र पूर्ण रूपात मांडले.

या सूत्रातील कल्पना साध्या भाषेत सांगता येते. दोन गटांच्या सरासरी उंचीत एक इंचाचा फरक आहे, एवढ्याने काहीच कळत नाही. त्या गटांतील माणसामाणसांत उंचीचा फरक सहा इंचांचा असेल तर हा एक इंच नगण्य ठरतो, आणि अर्ध्या इंचाचा असेल तर तोच फार मोठा ठरतो. शिवाय उंच माणसाचा हात सहसा लांबच असतो. तेव्हा उंचीतील फरक आणि हाताच्या लांबीतील फरक असे दोन फरक स्वतंत्र धरले तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखी होते. महालनोबीसांच्या अंतरात या दोन्ही गोष्टींचा हिशेब घेतला जातो. त्याच वर्षी इंग्लंडात रोनाल्ड फिशर यांनी आयरिस फुलांच्या तीन जातींची प्रत्येकी पन्नास फुले घेऊन, बाह्यदले व पाकळ्या यांच्या चार मापांवरून फूल कोणत्या जातीचे हे कसे ओळखावे, याची रीत दाखविली. तीन जातींपैकी एक स्वच्छपणे वेगळी पडली. उरलेल्या दोन जातींची काही फुले मात्र एकमेकींच्या हद्दीत शिरलेली आढळली. निसर्गात हद्दी असतात, पण त्या बांधासारख्या नसतात, हे त्या फुलांनी दाखवून दिले.

महाराष्ट्रात हे शास्त्र डॉ. इरावती कर्वे आणि प्रा. वि. म. दांडेकर यांनी आणले. एक मानववंशशास्त्रज्ञ, दुसरे संख्याशास्त्राचे जाणकार. दोघांनी मिळून महाराष्ट्रातील निरनिराळ्या जातिसमूहांची शारीरिक मापे तपासली आणि त्यांचा ग्रंथ १९५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून प्रसिद्ध झाला. नावाने एक असलेले समूह रक्तानेही एक असतात, हा समज या कामातून टिकला नाही. ब्राह्मण या एका नावाखाली येणारे चित्पावन व देशस्थ हे एका समूहाचे फाटे नसून स्वतंत्रपणे जुळत गेलेले समूह असावेत, अशा निष्कर्षाकडे इरावतीबाई गेल्या. नावाची चिठ्ठी आणि मोजलेले अंतर यांत तफावत असू शकते, हा त्या ग्रंथाचा एक धडा. दुसरा धडा असा की, समूहांच्या सरासऱ्या कितीही भिन्न असल्या तरी एकेकटा माणूस पुढे उभा राहिला की तो कोणत्या समूहातला हे खात्रीने सांगता येत नाही; केवळ संभव सांगता येतो.

संभवाचा हा हिशेब अठराव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक टॉमस बेझ यांनी मांडला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सीमाभागातील एका कल्पित गावाचे उदाहरण घेतले तर त्याचे मर्म ध्यानी येईल. समजा, एका गावात शंभर माणसे आहेत. ऐंशींची मातृभाषा कानडी व विसांची मराठी. पेठेत व्यवहार मराठीत चालतो, म्हणून मराठीभाषक सर्व वीस आणि कानडीभाषकांपैकी निम्मे, म्हणजे चाळीस, तेथे मराठी बोलतात. परगावचा पाहुणा पेठेत उभा राहतो व साठ माणसांच्या तोंडून मराठी ऐकतो. गाव मराठी, असे मत बनवून तो परततो. वास्तविक त्या साठांपैकी मातृभाषेने मराठी असलेले फक्त वीस, म्हणजे तिघांत एक. पेठेतला व्यवहार कानडीत चालणाऱ्या दुसऱ्या गावी याच्या उलट चूक होईल. जे कानी पडले त्यावर भर देऊन मूळ प्रमाण विसरावयाचे, ही मनुष्याच्या बुद्धीची खोडच आहे. एकोणीसशे सत्तरच्या दशकात ॲमॉस ट्वर्स्की व डॅनिएल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले की, शिकलीसवरलेली माणसेही ही चूक करतात. सीमावादात उभय पक्षांच्या शिष्टमंडळांनी पेठा, देवळे व दुकानांवरच्या पाट्या यांचे दाखले पुष्कळ दिले. त्यांतील प्रत्येक दाखला खरा असूनही त्यावरून काढलेले अनुमान चुकीचे असू शकते.

या पार्श्वभूमीवर सीमाप्रश्नाच्या घटना पाहाव्यात. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावातच भरलेल्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल सादर केला. प्रदेशांची जुळवाजुळव करताना सामान्यतः जिल्हा हा घटक धरावा, असे या आयोगाचे धोरण होते. एखादे राज्य एकभाषी म्हणावयाचे तर सुमारे सत्तर टक्के लोक एका भाषेचे असावेत, आणि तीस टक्क्यांइतका मोठा अल्पसंख्य गट असेल तर ते द्विभाषी समजावे, असेही आयोगाने सुचविले. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कानडी राज्याकडे द्यावा असा निर्णय झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली.

जून १९५७ मध्ये मुंबई राज्याने केंद्राकडे निवेदन धाडले. त्यात बेळगाव, कारवार, निपाणी ही शहरे आणि ८१४ खेडी मागितली होती, आणि जिल्ह्याऐवजी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता व भाषिक बहुमत ही तत्त्वे पुढे केली होती. ही तत्त्वे हवेतली नव्हती. आंध्र व मद्रास यांच्यातील सीमेसाठी हरि विनायक पाटसकर यांनी त्यांच्याच आधारे निवाडा दिला, १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९६० पासून तो अमलात आला.

घटक आणि उंबरठा यांवरून एवढा वाद का व्हावा, हे पुन्हा एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्यात प्रत्येकी शंभर वस्तीची दहा खेडी आहेत. चार खेड्यांत नव्वद टक्के लोक मराठी, सहा खेड्यांत तीस टक्के. एकूण हजारांत मराठीभाषक पाचशे चाळीस भरले. तालुका हा घटक व साधे बहुमत ही कसोटी धरली तर दहाही खेडी मराठी ठरतात. खेडे हा घटक धरला तर चार मराठी व सहा कानडी होतात. तालुका हा घटक व सत्तर टक्के ही कसोटी धरली तर तालुका कोणाचाच नाही, तो द्विभाषी ठरतो. मोजणीत एका माणसाचीही चूक नाही, तरीही उत्तरे तीन. म्हणजे आकडे बोलतात असे जे म्हणतात ते अर्धसत्य आहे. कोणता प्रश्न विचारला याचेच उत्तर आकडे देतात, आणि प्रश्न माणसे ठरवितात.

१९६० साली उभय राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची समिती नेमली गेली. तिच्यात एकमत होऊ शकले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमण्याचे जाहीर झाले आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत, महाराष्ट्रातील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्राने ती नाकारली; म्हैसूरने अहवालाचा आग्रह धरला. अहवाल अमलात आला नाही. शिफारशीत महाराष्ट्राकडे दाखविलेली निपाणीही जेथे होती तेथेच राहिली. २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. म्हैसूरचे कर्नाटक १९७३ मध्येच झाले होते, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले.

या साऱ्या प्रकरणात शास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट मागे पडली. वर्गीकरणात चूक दोन प्रकारची होते, हे जर्झी नेमन व एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्येच नीट मांडले होते. अ वर्गातला माणूस ब मध्ये टाकणे ही एक चूक, ब मधला अ मध्ये टाकणे ही दुसरी. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत; एक कमी करावी तर दुसरी वाढते. म्हणून रेषा आखण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, प्रत्येक चुकीची किंमत किती आणि ती कोणी मोजावयाची? सीमाभागात ही किंमत टक्केवारीत दिसत नाही. खानापूरकडचा मराठी शेतकरी आपल्या जमिनीचा कानडी उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो, तेव्हा ती दिसते. जत अथवा अक्कलकोट तालुक्यातील कानडी घरातले मूल आईच्या भाषेची शाळा शोधते, तेव्हाही तीच किंमत दिसते. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही अंगांस चुकीच्या रकान्यात पडलेली माणसे राहणारच. त्यांची चूक एवढीच की ती सरासरीपासून दूर राहतात.

ही किंमत हलकी करण्याचे उपाय मात्र रेषा बदलण्याहून सोपे होते व ते कागदावर आलेलेही होते. एका वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी निराळ्या मातृभाषेचे असतील तर त्यांना प्राथमिक शिक्षण त्या भाषेत द्यावे, हा नियम १९४९ मध्येच ठरला होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद राज्यघटनेत आली, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याचीही सोय झाली. या नियमांचे शहाणपण असे की, गाव कोणाचे हा प्रश्न त्यांना सोडवावा लागत नाही. मुले किती, एवढेच मोजावे लागते. सीमाभागातील मराठीभाषकांची तक्रार ही पुष्कळशी या कागदावरच्या नियमांच्या अंमलबजावणीविषयीची आहे, आणि ती सीमेच्या निकालासाठी थांबवून ठेवण्याचे काही कारण नव्हते.

आता वर्गीकरणाचे काम यंत्रे करू लागली आहेत. १९५८ मध्ये अमेरिकेत फ्रँक रोझेनब्लाट यांनी उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली; आज तिच्याच वंशातील यंत्रे आवाज ऐकून भाषा ओळखतात. परंतु अशा यंत्राला शिकविताना प्रत्येक उदाहरणावर माणसाने आधी चिठ्ठी लावलेली असते: ही मराठी, ही कानडी. चिठ्ठ्या लावणाऱ्याने मधली माणसे जबरदस्तीने एका बाजूस ढकलली असतील तर यंत्रही तेच करील, आणि गणकाची पेन्सिल जेथे थबकत असे तेथे ते थबकणारसुद्धा नाही.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे शतकानुशतके शेजारी राहणाऱ्या लोकांची मराठी, कानडी व उर्दू ऐकल्यावर त्यांना आढळले की, शब्द तिन्ही भाषांचे निराळे राहिले आहेत, पण वाक्याची ठेवण जवळजवळ एक झाली आहे. एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. मराठी आर्यकुळातली, कानडी द्राविड कुळातली; पंडितांच्या वंशवृक्षात त्या परस्परांपासून फार दूर आहेत. गावाच्या चावडीवर मात्र त्यांच्यातील अंतर कमी झाले. घरात आपली भाषा जपावयाची आणि बाहेर दुसऱ्याच्या भाषेत चालवून घ्यावयाचे, ही रीत त्या माणसांनी कोणत्याही आयोगाखेरीज शोधून काढली होती.

१९६१ च्या शिरगणतीत मातृभाषेच्या रकान्याखाली आणखी एक रकाना होता: याखेरीज येत असलेली भाषा. निपाणी–बेळगावकडील असंख्य माणसांच्या बाबतीत त्यांचे खरे वर्णन पहिल्या व दुसऱ्या रकान्यांचे मिळूनच होते. सीमेचा वाद आजवर पहिल्या रकान्याच्या बेरजेवर लढला गेला. त्याचा निकाल न्यायालय देईल तो देवो. परंतु रेषा कोठेही ठरली तरी दोन्ही बाजूंच्या सरकारांना आपल्याकडील माणसाचा दुसरा रकाना वाचता आला पाहिजे.